काकवी

उदगीरहून संभाजीनगरला आणलेली ईश्वरी.
वय तीन, वजन अकरा किलो.
जन्मल्यापासून दुपट्यांना काकवीचा वास;
आजी म्हणे, गोडाचं लेकरू हाय.

भूल द्यायच्या आधी मी सगळ्यांना उपाशी ठेवतो.
हिला नाही.
उपाशी राहिली तर अंग स्वतःचंच मांस मोडतं,
विष मेंदूत चढतं.
म्हणून रात्रभर शिरेतून साखर,
मग नऊ तास तिच्या झोपेशेजारी मी,
तासातासाला रक्ताचा थेंब तपासत.

तिचं काढलेलं यकृत शेजारच्या थिएटरात गेलं,
परतूरच्या एका बाईला.
त्या अंगात ते चालतं.
हे मी मायला दोनदा सांगितलं.

बाराव्या दिवशी चड्डी ओली झाली.
मायनं सवयीनं नाकाशी नेली.
नुसता मुताचा वास.
तिनं पुन्हा हुंगली.