हातचा एक

मँचेस्टर, फेब्रुवारी बेचाळीस.
खिडक्यांना काळा कागद, त्यामुळे सकाळ होते ती
डॉक्टर हेस्केथ दिवा लावतात तेव्हा.
आम्ही सातजणी, सात हातयंत्रं,
लोकरीचे हातमोजे, बोटांची टोकं कापलेले,
कारण आकड्यांना उघडं बोट लागतं.

काय मोजतो ते बाहेर सांगायचं नाही.
आम्हालाही पुरतं सांगितलेलं नाही. एवढंच, की
मध्ये एक तापलेली कांडी, त्रिज्या तीन मिलिमीटर,
भोवती तांब्याची भिंत, आठवर.
कांडीवरून सुटलेला इलेक्ट्रॉन सरळ भिंतीकडे निघतो
आणि चुंबक त्याला कान धरून वळवतं.

एक पाऊल म्हणजे एक ओळ.
अंतर, कोन, वेग, वेगातला फरक.
हँडल फिरवायचं, घंटी वाजली की थांबायचं,
हातचा पुढच्या घरात ढकलायचा.
चाळीस ओळींत एक इलेक्ट्रॉन अर्धी वाट चालतो,
म्हणजे माझा अख्खा मंगळवार.
त्याला स्वतःला एवढ्यासाठी
सेकंदाचा अब्जावा भागसुद्धा लागत नाही.

आणि गोम अशी, की तो एकटा नाही.
सगळे मिळून जे क्षेत्र उभं करतात
त्याच क्षेत्रातून सगळ्यांना चालायचं.
म्हणून आधी क्षेत्र धरून चालायचं, वाटा काढायच्या,
वाटांवरून क्षेत्र पुन्हा काढायचं,
आणि दोन्ही जुळेस्तोवर
गेल्या आठवड्याला खोडरबर लावत बसायचं.
मॉड एंटविसल म्हणते, लग्न असंच असतं.
तिचं झालेलं नाही.

बुधवारी सदतिसाव्या ओळीत माझं उणे चिन्ह राहिलं.
इलेक्ट्रॉन भिंत फोडून थेट ऑक्सफर्ड रोडवर.
मला हसू आलं. मग ताळा घेतला,
त्याला परत आणून बसवला जागेवर.

शुक्रवारी उत्तर आलं.
एक हजार पन्नास गॉस.
अकरा हजार चारशे छप्पन्न व्होल्ट.
याच्या खाली भिंतीपर्यंत कुणी पोचत नाही,
सगळे वळतात, सगळे घरी.
आलेख तिथं सुरीनं कापल्यासारखा संपतो.
हेस्केथांनी दोनदा तपासलं. तिसऱ्यांदा मी.

तळघरात आयडा क्लेग खऱ्या नळीसमोर बसते.
तिची चिठ्ठी वर आली, जुन्या पाकिटाच्या पाठीवर, पेन्सिलीनं:
"दहा हजार आठशे. सुई शून्यावर येत नाही.
चार दशांश मिलिअँपिअर.
मी काच टिचकीनं ठोकून पाहिली. दोनदा."

हेस्केथ बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"तुझं चुकलेलं नाही," म्हणाले, "तिचंही नाही."
मग कोण पोचतंय, मी विचारलं.
त्यांनी चष्मा घातला
आणि पुढच्या आठवड्याचे तक्ते वाटले.

आई तीस वर्षं मागावर होती.
मागांनी तिचे कान खाल्ले, तेव्हापासून ती ओठ वाचते,
गिरणीतल्या सगळ्याच बायका वाचतात.
रात्री शेगडीपुढं डोळे मिटून बसले होते,
तिनं गुडघ्यावर थाप मारली.
"अकरा हजार चारशे छप्पन्न कसले गं?
आणि हातचा एक, हातचा एक, काय लावलंयस?"

मी तोंडावर हात ठेवला.
सही केली होती मी, शपथेखाली, शाईनं.
"वार असतील तर एवढं कापड
कुठली गिरणी विणते आता?" ती म्हणाली,
बहिरं माणूस बोलतं तशी, मागांच्या आवाजावर आवाज चढवून,
माग बंद होऊन सहा वर्षं झाली तरी.
"अकरा हजार चारशे छप्पन्न!"

भिंतीपलीकडून मिसेस ऑल्ड्रॉइडनी
झाडूच्या दांड्यानं ठोकलं.

सोमवारी वहीत मी उत्तराच्या रकान्यात शून्य लिहिलं.
शेजारी, समासात, पुसट,
आयडाचा आकडा.
हेस्केथ खोडतील म्हणून वाट पाहिली.
त्यांनी पान उलटलं.