लागू नसेल ते खोडावे

नकाशा मी रंगवला. सही साहेबांची.
राहायला पिवळा, शेतीला हिरवा,
कारखान्याला जांभळा; आणि पंचगंगेच्या अंगानं
एक निळी रेघ, एक तांबडी,
कुठवर यायचं ते पुराला कळावं म्हणून.
पुढच्या वीस वर्षांचा करवीर तालुका
टेबलावर मावेना,
चारी कोपऱ्यांवर चहाचे पेले ठेवून दाबला.

सुनावणीला हॉल भरला, पंखे पुरेनात.
नेमगोंडा मगदूम म्हणाले, माझा गट अर्धा पिवळा, अर्धा हिरवा.
मधे बांध तर नाही.
म्हैस कुठल्या रंगात बांधू?
कुणी विचारलं, गुऱ्हाळ म्हणजे शेती का उद्योग?
साहेब म्हणाले, चिमणी किती फुटी?
मग गुळाचा उद्योग ठरला, काकवी शेतीत राहिली,
सगळे हसले. साहेबही.
पिवळं मागणारे पहिल्या रांगेत,
इस्त्रीचे शर्ट, गुंठ्याचा भाव तोंडपाठ.
हिरवं मागायला दोघंच आले होते,
त्यातला एक एसटी चुकेल म्हणून उठून गेला.

शेवटी अक्काताई डोणे.
ऐन मे महिन्यात खांद्याला घोंगडं,
दाराबाहेर कुत्रं बसलेलं.
सात-बारा?
न्हाई.
गट नंबर?
"न्हाई ओ. आमचं कागदावर कायच न्हाई."
मग हरकत कशाला घेताय?
"हरकत कुठं घेतोय मी? सांगाय आलोय."

अर्जावर छापलेलं होतं: हरकत / सूचना,
लागू नसेल ते खोडावे.
अर्ज मीच भरत होतो.
पेन तिथं आलं आणि थांबलं.

नकाशा त्यांना उलटा वाटला.
"नदी अशी न्हाई व्हात."
मी फिरवून दिला; आता साहेबांना उलटा.
काळं बोट चिखलवाडच्या वरच्या अंगाला गेलं,
जिथं रिंगरोडची तुटक रेघ
मी पट्टी लावून ओढली होती.
"हितं. ऊस तुटल्याव, ज्या साली खोडवा ठेवत न्हाईत,
माघात आठ रात्री मेंढरं बसत्यात.
सासऱ्याच्या आधीपास्नं.
मालक दोन पायल्या जोंधळं देतो.
सकाळी उठून गेलो की रान काळं, उनउनीत.
त्येला कंचा रंग लावलाईसा?"

मी सूची बघितली. अठरा रंग.
वर्षातल्या आठ रात्रींचा एकही नाही.
साहेबांनी घड्याळ बघितलं.
नोंद घेतली, म्हणाले.
नोंद म्हणजे आवक क्रमांक. तो मीच टाकतो.

त्या रात्री शाई भरताना
त्या जागी एक ठिपका पडला.
पडला म्हणजे, टाकला.
तपकिरी, मोहरीएवढा,
सूचीत ज्याला नाव नाही असा.

आराखडा मंजूर झाला. मीही निवृत्त झालो.
पाच वर्षांनी फोन आला, शिवलीला हुपरीकर,
रस्त्याच्या मोजणीवरची नवी मुलगी.
"काका, नकाशात इथं विहीर दाखवलीय.
विहीर नाहीये."
मग काय आहे?
फोनमध्ये नुसता वारा.
"लेंड्या आहेत. आणि बूट काढला तर
जमीन जरा गरम लागतेय.
विहीर असेल तर रस्ता तीस मीटर वळवावा लागतो,
नसेल तर सरळ.
फॉर्मवर दोनच आहेत, आहे किंवा नाही.
कुठलं खोडू?"

मागं कुत्रं भुंकत होतं.
कुणाचं गं ते?
"एक आजी आहेत, जाळ करून बसल्यात.
चहा घे म्हणतायत."

पेन खिशाला लाव, म्हटलं.
आधी चहा घे.
आणि विचार त्यांना,
किती रात्री राहिल्यात.