डावीकडचं पेट्रोल

आमच्याकडे बापाला 'आता' म्हणतात.
माझा आता बहात्तरचा, त्याची इझ चाळीसची,
निळी, गुडघे घासून टाकीचा रंग उडालेली,
आणि तिला काटा कधी नव्हताच.
काटा त्याच्या कानात होता.

हँडल धरून गाडी एकदा हलवायची,
डुचमळ ऐकायची, मान तिरकी करून :
'अत-बाशीपर्यंत जाईल. परत येणार नाही.'
किंवा नुसतंच, 'हं.'
आई म्हणायची, गाभण घोडीलाही हा असाच कान लावतो,
आणि दिवस चुकत नाही.

मग कान गेले.
एकदम नाही. आधी चंडोल गेले,
मग नातवंडं, मग दारावरची थाप.
कुणाला बोलला नाही.
गाडी हलवत राहिला, 'हं' म्हणत राहिला,
सवयीनं.

ऑक्टोबरात खिंडीत बंद पडली.
रात्रभर ढकलत आणली. सकाळी मिशांत बर्फ.
'वारा फार होता,' म्हणाला.
मी काही विचारलंच नव्हतं.

मी बाजारात मोबाइल दुरुस्त करते.
सोल्डरिंगचा वास माझ्या केसांतून जात नाही.
जोल्दोशच्या भंगारातून एका मेलेल्या झिगुलीचा काटा आणला,
तरंगता डबा, त्याची दांडी, दोन वायरी.
दांडी टाकीपेक्षा लांब. वाकवली. पुन्हा वाकवली.
टाकी उतरवून तीन दिवस पालथी ठेवली,
मग काठोकाठ पाणी भरूनच ड्रिल लावलं,
पेट्रोलची वाफ कुणाची ओळख ठेवत नाही.
आता अंगणात पाठ करून बसला होता,
जणू मी त्याच्या घोड्याला डाग देत होते.

भाचा एर्मेक एकेक लिटर ओतत गेला.
मी काचेवर नेलपॉलिशचे ठिपके देत गेले :
लाल, लाल, लाल,
पुढचे गुलाबी, कारण लाल संपलं.
काटा थरथरला, वर चढला.
घाटात चढाला म्हणायचा भरपूर आहे,
उताराला म्हणायचा संपलंच.
'याला निवडणुकीला उभा करा,' आता म्हणाला,
आणि खूप दिवसांनी हसला,
जरुरीपेक्षा मोठ्यानं.

कोचकोरहून येताना मी चालवत होते, तो मागे.
काटा शून्यावर टेकला. इंजिनानं दोन आचके दिले.
मी उतरून हातांनी दाखवलं : संपलं.
माझं काम चोख होतं, याचं थोडं बरंही वाटलं.

तो काही न बोलता पुढं आला,
लोकर कातरायला मेंढी पाडावी
तशी गाडी हळूच उजवीकडं आडवी केली.
थांबला. ओठांतल्या ओठांत काही मोजलं. उभी केली.
दुसऱ्या किकला सुरू.

'डावीकडचं,' म्हणाला.
टाकी खोगिरासारखी, मधून फ्रेमची नळी जाते,
शेवटी शेवटी पेट्रोल दोन्हीकडं वेगळं पडतं.
'तुझा काटा उजवीकडं राहतो,
त्याला शेजारचं दिसत नाही.'
एवढं त्यानं चाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं.
मीही ड्रिल लावताना विचारलं नव्हतं.

हल्ली तो काटा बघतो. रोज. चष्मा लावून,
काचेवर नखानं टकटक करून.
बघून झालं की हँडल धरतो,
गाडी एकदा हलवतो, मान तिरकी.
मी शेजारी उभी असते.
मला ऐकू येतं :
तळाशी, दोन खोल्यांत दोन माणसं
कूस बदलतात तसं काहीतरी.

काटा म्हणतो तीन.
मी बोटं दाखवते :
तीन सरळ, चौथं अर्धं मुडपलेलं.

'हं,' म्हणतो आता.