दाणेदार

यांचे कान गोदीत गेले.
बत्तीस वर्षं लोखंडावर लोखंड,
मग एक दिवस कुकरची शिट्टी गेली,
मग दाराची बेल,
मग मी.

एप्रिलात कुरिअरवाला तीनदा वर येऊन परत गेला.
लेकीनं धाडलेली आंब्याची पेटी
चौथ्या दिवशी हातात पडली, तळाची फळं काळी.
हे दिवसभर घरातच होते.
त्या रात्री जेवताना ठरलं,
दाराला काच बसवायची.

मुलगा पुण्याहून म्हणाला, कॅमेरा लाव, मोबाइलवर दिसतं.
मोबाइल कुठे ठेवलाय ते यांना कोण दाखवणार?
समोरच्या चेऊलकरबाई म्हणाल्या, काच म्हणजे चोराला आवतण.
सुतार काहीच म्हणाला नाही.
दारावर पेन्सिलीनं रेघ ओढली,
आठ इंच रुंद, चार फूट उंच,
पेन्सिल कानामागे खोचली आणि चहा मागितला.

कुर्ल्याला, पाइप रोडवर, मुर्तझाभाईंच्या दुकानात
काचा पुस्तकांसारख्या उभ्या.
साधी पारदर्शक यांनी हातानंच उडवून लावली:
"मी बनियनवर बसणार आणि येणारा-जाणारा बघणार!
मासा आहे का मी टाकीतला?"
यांना वाटतं आपण हळू बोलतो.
रस्त्यापलीकडचा टायरवाला वळून बघायला लागला.

मग मुर्तझाभाई एकेक तुकडा उभा धरायचे
आणि मी पलीकडे जाऊन उभी राहायची.
हिऱ्याच्या नक्षीत मी सात झाले, सातही दमलेल्या.
पट्टीच्या काचेत पडवळाच्या चकत्या.
दुधीमध्ये उरला नुसता साडीचा रंग,
तो तर दोरीवर वाळत घातला तरी तेवढाच दिसतो.
वेलबुट्टीत माझ्या नाकावर एक पान आलं,
हे हसले. ती नको म्हणाले.

सहावी दाणेदार.
साबुदाणा भिजत घालावा तशी.
पलीकडून मला हे दिसत होते, म्हणजे
टोपी, खांदे, डावा जरा उतरलेला,
चेहऱ्याच्या जागी काहीतरी गव्हाळ हलत होतं.
"हीच," हे म्हणाले. "हीत तू तू वाटतेस."
चाळीस वर्षांत असं काही बोलले नव्हते,
आणि बोलले ते अख्ख्या पाइप रोडला ऐकू जाईल असं.

भाव केला. टफन करून घेतली, दोनशे रुपये जास्त.
निघताना मुर्तझाभाई म्हणाले,
भाभी, एक ध्यानात ठेवा,
दिवसा बाहेर उजेड, तर बाहेरचा माणूस दिसणार.
रात्री घरात दिवा लागला की तुम्ही दिसणार.
काच तीच.

आता दुपारी कुणी आलं की
फरशीवर सावली आधी येते, माणूस मागून.
हे उठतात. दूधवाल्याला पोटावरून ओळखतात,
चेऊलकरबाईंना अंबाड्यावरून.
गॅसवाला तर म्हणाला, काका, बेल दाबायच्या आधीच दार!
त्याचं सांगणं यांना कळलं नाही,
पण खुशीत दिसले.

मी शाळेतून सुटते, शिकवणी आटपते,
मुलुंडला जिना चढेपर्यंत पावणेआठ.
पहिल्या संध्याकाळी पर्समध्ये किल्ली शोधताना वर पाहिलं,
तर दारात पिवळा उजेड, आणि त्यात
एक पांढरा ठिपका, बनियनएवढा,
हलत नव्हता.
टीव्ही त्या बाजूला नाही. खिडकीही नाही.
खुर्ची फिरवून हे दाराकडे तोंड करून बसले होते.

कधीपासून बसतात असे?
काच बसली तेव्हापासून,
की लाकूड होतं तेव्हाही?

विचारता आलं असतं. पाटीवर लिहून विचारते मी बाकी सगळं,
औषध घेतलं का, भाजी कुठली, वीजबिल भरलं का.
हे नाही लिहिलं.

किल्ली हातात धरून मी थोडी उभी राहते, रोजच.
आतून मी दिसत नाही,
पॅसेजचा बल्ब गेलाय, तीन आठवडे झाले.
सेक्रेटरींना सांगायला हवं.
सांगेन. उद्या नाहीतर परवा.