झिजलेला रंग

ग्रिम्सबीच्या समितीकडे यंदा वाटायला नऊ हजार पौंड,
दोन अर्ज,
आणि हिशेब बघायला मी,
कारण एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या खतावण्या तपासल्या
आणि निवृत्त झाले तरी बोटांवरची बेरीज थांबत नाही.

पहिला अर्ज जाड, गुळगुळीत कागदावर.
‘पौंडातले शहाण्णव पेनी थेट गरजूंपर्यंत’
असं पहिल्याच पानावर, एका हसऱ्या मुलाच्या डोक्यावर छापलेलं.
मी शेवटून वाचते. जुनी खोड.
टीप क्रमांक अकरा: छपाई, फोटो, पाकिटं, टपाल,
सगळं ‘जनजागृती’च्या खात्यात,
आणि जनजागृती म्हणजे गरजूंचंच काम, नाही का.
ताकाला जायचं आणि भांडं तळटीपेत लपवायचं.

दुसरा ग्लेनिस पॅश्लीच्या हस्ताक्षरात.
एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी
धरायला दांडे बसवतात:
जिन्यापाशी, न्हाणीत, मागच्या दाराच्या पायरीला.
पौंडातले एकोणचाळीस पेनी ‘इतर खर्च’.
एकोणचाळीस!
अध्यक्ष ओरडले नाहीत, इंग्रज आहेत,
नुसता चष्मा काढून पुसला.

मी फोन केला. इतर म्हणजे काय?
म्हणाली, मी. आणि व्हॅन. आणि विल्फचं ड्रिल.
किती जण पडायचे वाचले?
पलीकडे किटली उकळून खट्कन बंद झाली.
मग म्हणाली, ते कसं मोजायचं, तुम्हीच सांगा.

खरंच,
जे घडलंच नाही त्याचं व्हाउचर कुणाकडून घ्यायचं?
न मोडलेलं खुब्याचं हाड
जमेला मांडायचं की नावे?

मंगळवारी विल्फबरोबर निघाले. चौदा घरं.
व्हॅनमध्ये माशांचा वास;
विल्फने बोट सोडली, वासाने विल्फला नाही.
पहिल्याच घरी मिसेस टॉयन म्हणाल्या,
फार उपयोग होतो हो, देव तुमचं भलं करो.
असं सगळेच म्हणतात. पैसे देणाऱ्याच्या माणसासमोर
दुसरं कोण काय म्हणणार?
म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.
दांड्याकडे पाहिलं.
पांढरा रंग, आणि मधोमध चार बोटं रुंद
उडालेला, खाली उघडा धातू,
रोज पहाटे उठणाऱ्या एका हाताने
सहाणेसारखा गुळगुळीत केलेला.

वहीत नवा रकाना आखला: झिजलेला रंग.

चौदांपैकी नऊ झिजलेले.
एकावर टॉवेल वाळत होता, एकावर मोजे.
एक इतका उंच
की तो धरायला मिस्टर ब्लँचर्डना स्टुलावर चढावं लागेल.
विल्फ कानापर्यंत लाल. मी तेही लिहिलं.
व्हॅन आठवड्यातून तीन दिवस नुसती उभी असते, तेही.
काम दयेचं असलं तरी बेरजेने दया करू नये.

दोन दारं उघडली नाहीत.
बेल वाजवली, पत्रांच्या फटीतून हाक मारली,
आत रेडिओ चालू होता एका ठिकाणी.

बैठकीत अध्यक्ष म्हणाले, टक्के सांगा.
म्हटलं, चौदात नऊ.
ती दोन शून्य धरू या?
शून्य म्हणजे पाहिलं, आणि नव्हतं.
मी पाहिलेलंच नाही. जागा मोकळी ठेवलीय.
गुरुवारी परत जाते.
पहिल्या अर्जावर मी एकच प्रश्न लिहिलाय:
हा मुलगा राहतो कुठे?

नऊ हजार तोवर बँकेत राहतील,
त्यांना काही जिना उतरायचा नाही.

कुणाला तरी उतरायचा आहे,
अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले,
आणि या एका वाक्यापुरते ते बरोबर होते.
मी तपासत बसेन तेवढ्या सकाळी
कुणीतरी भिंतीला हात टेकत खाली येईल.
तो खर्च कुठल्याच अर्जात नाही.
लिहा, म्हटलं. माझ्या नावे.