दोन्ही डावे

वर्तमानपत्रात आमच्या खोलीला शवागार म्हणतात.
नवखे बिचकतात. मी एकतीस वर्षं इथेच डबा खाल्ला.
लोखंडी कपाटं, कपाटांत भुरकट पाकिटं,
पाकिटांत बाल्टिमोरचं सगळं मेलेलं आणि न मेलेलं:
पूर, महापौर, मुष्टियोद्धे, बंदरातली आग.

अडुसष्ट सालाला मात्र तीन खण लागले.
बाकीची वर्षं एकेका खणात दाटीनं बसतात,
हे वर्ष अंग चोरत नाही.
खण ओढला की आधी आंबट वास,
मग कुठे माणसं.

परवा एक गृहस्थ आले, पासष्टी ओलांडलेले, टोपी हातात.
म्हणाले, एप्रिल. मॉन्युमेंट स्ट्रीट.
मेम्फिसहून ती बातमी आली, त्यानंतरचा सोमवार.
बुटांच्या दुकानासमोरचा.

मला शोधावं लागलं नाही.
अंधारात बटणाकडे जातो तसा हात गेला.

फोटो क्रॉसनिकचा. मी त्याला कधी पाहिलं नाही,
अक्षर तेवढं ओळखते, घाईतलं, उजवीकडे कललेलं.
काचेवर साबणानं लिहिलं होतं 'सोल ब्रदर',
म्हणजे दुकान आपल्यातल्याचं आहे, सोडा.
'सोल' जागेवर आहे. बुटांच्या दुकानाला शोभेलसं.
'ब्रदर' फुटपाथवर, तुकड्यांत.
एक सैनिक, एकोणिसाचा असेल नसेल,
शिरस्त्राणाचा पट्टा सुटलेला, संगीन मात्र सरळ.
एक मुलगा. छातीशी दोन बूट.

आणि मग लाल पेन्सिलीची रेघ, उभी.
हिच्या पलीकडचं छापायचं नाही.

पलीकडे एक बाई गुडघ्यांवर,
बादली, ब्रश, ढोपरापर्यंत फेस,
संगमरवरी पायऱ्या घासते आहे, दर सोमवारसारख्या.
रात्रभराची काजळी दुधाळ दगडावरून
गटाराकडे निघाली आहे.
सैनिकाच्या बुटापाशी तिचा हात थांबलाय.
त्यानं पाय उचलला का,
ते पुढच्या क्षणात होतं. क्रॉसनिकचा रोल संपला असावा.

गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो नाकापाशी नेला.
मागे चिकटवलेला कागद वाचला,
'लुटीच्या मालासह अनोळखी मुलगा',
पुन्हा एकदा वाचला,
आणि हसायलाच लागले.

'दोन्ही डावे होते, बाई!
दुकानदार पक्का. काचेत कायम एकच पाय मांडायचा.
उजवे आत, जिन्याखाली. ते जळाले.
मी उन्हाळाभर घातले तरी.
मी सरळ निघालो की उजवा पाय म्हणायचा,
तू हो पुढे, मी येतो माझ्या वाटेनं.'

आईनं काही केलं नाही?
'आधी मारलं. मग बुटात कागद कोंबून दिला.'

ही रेघेपलीकडची, ती का?
इतकी वर्षं मी मनात तिला त्याची आई करून टाकलं होतं.
'छे. या मिसेस टर्पिन, शेजारच्या.
पहिलं नाव? आमची काय टाप होती विचारायची.
आई कामावर असली की आपल्या पायऱ्या झाल्यावर
आमच्याही घासायच्या. न सांगता. थोडं बडबडत.'

प्रत हवी होती. मी दरपत्रक पुढे केलं.
रेघेपर्यंतचा देऊ, की सगळा?
त्यांनी असं पाहिलं
की मी मुकाट्यानं मोठ्या आकारावर खूण केली.

शवागारात शाईला बंदी आहे. पेन्सिल चालते.
ते गेल्यावर मी फोटो पालथा घातला.
शिक्के, तारखा, रकान्यांची मापं,
त्या गर्दीत बोटभर जागा सापडली. लिहिलं:

लेम्युएल गॅस्किन्स, वय अकरा. बूट दोन्ही डावे.
रेघेपलीकडे मिसेस टर्पिन.
पायऱ्या पाच. घासून झालेल्या तीन.