पहिल्या बाटलीत चहा होता

पहिल्या बाटलीत बीअर नव्हती.
हे कुणाला तरी सांगायलाच हवं,
कारण फोन मी धरला होता.

रविवारचे पर्यटक गेले की निवतीच्या वाळूवर
वेफर्सची पाकिटं उरतात, एका पायाची चप्पल,
आणि सुरूच्या बनात हिरव्या बाटल्या,
लेबलंसुद्धा न सुटलेल्या.
दुर्वेशने एक उचलली, नळावर तीनदा धुतली,
आत गार कोरा चहा ओतला
आणि फेस यावा म्हणून चिमूटभर इनो.

वय पंधरा. वर्ष दहावीचं.
बापाच्या होडीच्या नाळेवर बसून
त्याने मान मागे टाकली.
"हळू गीळ," मी म्हटलं, "गळो दिसूंदे."
सात वेळा काढलं. सातव्याला त्याला उचकी लागली,
आम्ही हसून हसून वाळूत लोळलो.
तोच ठेवला.

रात्री पानातलं बांगड्याचं तिखलं निवत गेलं
आणि आकडा चढत गेला.
नऊशे. चोवीसशे. उजाडेपर्यंत अकरा हजार.
हजेरीला "हजर" म्हणताना
ज्याचा ह दाराशीच अडतो,
त्याला अकरा हजारांनी न बोलता ऐकलं.

मग कुणीतरी लिहिलं, कुडाळचा की दुबईचा, देव जाणे:
"भावा, चहा ना रे?"
खाली हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग.
ती त्याने मोजली.
बोट लावून, एकेक.

दुसरी बाटली विकतची.
कुणी दिली, वर किती घेतले, ते राहू दे.
पहिल्या घोटाला त्याचं तोंड वेडंवाकडं झालं,
ओकारी आली.
तेवढं मी कापलं.
अर्धा सेकंद लागला कापायला.

आता तो मला बोलवत नाही,
स्वतःच काढतो, फोन वल्ह्याला टेकवून.
पहाटे जाळं ओढताना हात कापतात,
बाप म्हणतो, जागरण.
प्यायलो की अडखळत नाही, असं तो सांगतो.
खोटं नाही ते.
मी ऐकलंय त्याला, सलग बोलताना,
आणि मला बरं वाटलं होतं.

परवा नळावर सातवीतला कौस्तुभ तारी
बाटली धूत होता. हिरवी.
मला बघून लाजला नाही, उलट विचारलं,
"दादा, इनो खंय गावता?"

मी सांगितलं नाही.
पण गावात दुकान एकच आहे.